जुळलेला तंबोरा : अब्दुल करीम खाँ आणि मिरजेचा वारसा



थोर कलावंताची आठवण जपायची म्हटलं की आपण त्याच्या वस्तू शोधायला निघतो. त्याचं वाद्य कुठे आहे, त्याची पगडी कुणाकडे आहे, त्याच्या हातची पत्रं कुणी सांभाळली आहेत. यात गैर काही नाही. पण आज मी ज्या गवयाविषयी बोलणार आहे, त्याच्या नावाशी जोडलेलं वाद्य मैफलीत बहुतेक वेळा त्याच्या मागे बसलेल्या शिष्याच्या हाती असायचं. त्या वाद्यावर राग वाजत नाही, तान वाजत नाही, गत वाजत नाही. चार तारा एकामागून एक छेडत राहायच्या, एवढंच. तरीही त्या चार तारा नीट जुळलेल्या नसतील तर पुढच्या गाण्याला काही अर्थ उरत नाही.

ते वाद्य म्हणजे तंबोरा, आणि तो गवई म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. खाँसाहेबांचा वारसा त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत आहे, शिष्यपरंपरेत आहे, तितकाच तो मिरजेच्या तंबोऱ्यात आहे. आणि तंबोऱ्याचा वारसा कपाटात ठेवून टिकत नाही. तो दर बैठकीला नव्याने जुळवावा लागतो, दर काही महिन्यांनी दुरुस्त करावा लागतो. हे ज्यांना येतं अशी माणसं आहेत तोवरच तो वारसा आहे.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव पडलं. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. गाण्याबरोबर सारंगी आणि बीन ही वाद्यंही त्यांच्या हातात होती. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं नातं जुळलं, आणि दोघांनी बडोदं सोडलं. त्यानंतर मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे असा त्यांचा संसार आणि त्यांची गानविद्या फिरत राहिली. आर्य संगीत विद्यालय ही त्यांची संस्था याच काळातली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या मुलांना आपण सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे या नावांनी ओळखतो. यातल्या हिराबाईंचा जन्म मिरजेचा, 1905 चा. खाँसाहेबांनी आयुष्याची अखेरची वर्षंही मिरजेतच काढली.

त्यांनी मिरजच का निवडली? मिरज तोवर गाण्याचं गाव झालेलं होतं. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांच्याकडे शिकला, आणि 1901 मध्ये त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांचा देहही 1931 मध्ये मिरजेतच पडला. विनायकबुवा पटवर्धनांचा जन्म मिरजेचा. 1905 मध्ये बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं तेही मिरजेतच. कोरडी निरोगी हवा, रेल्वेचं जंक्शन, गाणं समजणारं संस्थान आणि ऐकायला बसणारी माणसं, एवढं सगळं एका गावात होतं. शिवाय दुसरीकडे कुठे सहज न मिळणारी एक गोष्ट तिथे होती. तंबोरा घडवणारे कारागीर गवयाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होते.

या कारागिरांची कथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होते. मिरजेत शिकलगारांची घरं होती. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणं, हत्यारं दुरुस्त करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी हत्यारांची गरज आटली आणि हातातलं कसब रिकामं झालं. त्या काळी गवयांची वाद्यं नादुरुस्त झाली की दूर उत्तरेत पाठवावी लागत. फरीदसाहेब आणि मोहिउद्दीन या शिकलगार बंधूंनी अशी वाद्यं दुरुस्त करायला घेतली. दुरुस्तीतून वाद्याची रचना कळली, आणि मग त्यांनी स्वतःच सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. आज त्यांच्या सहाव्या-सातव्या पिढ्या त्याच गल्लीत तेच काम करतात. शस्त्राला धार लावणारे हात स्वराला धार लावू लागले, ही आपल्या भागाच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळायला हवी.

तंबोरा कसा बनतो ते थोडं तपशिलाने सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असला तरी घडताना पाहिलेला नसतो. खालचा गोल भाग म्हणजे भोपळा. हा खाण्याचा भोपळा नाही, कडू जातीचा आहे. पंढरपूर, मंगळवेढा या भागात, भीमेच्या काठच्या शेतांत त्याचं पीक घेतात. फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावं लागतं, मग उन्हात वाळवावं लागतं. आकार, साल, जाडी पाहून कारागीर निवड करतो. अवकाळी पाऊस झाला तर भोपळा डागतो, आतून कुजतो, आणि त्या वर्षी मोठ्या मापाचे चांगले भोपळे मिळणं कठीण होतं. पंढरीच्या वाटेवरच्या शेतकऱ्याचं नशीब आणि किराण्याचा षड्ज असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आतून काड्यांचा आधार देऊन त्याला आकार देतात. त्याला लाकडी गळा जोडतात, त्यावर पोकळ दांडी बसवतात. लाकूड बहुधा तुणीचं असतं, हलकं आणि नादाला चांगलं. भोपळ्याचं तोंड लाकडाच्या पातळ तबलीने झाकतात. या तबलीची जाडी हातानेच ठरते. बोटाने टिचकी मारायची, ऐकायचं, रंधा मारायचा, पुन्हा ऐकायचं. मग खुंट्या, तारदान, मणी, वरची नक्षी आणि पॉलिश. हे सगळं झालं तरी तंबोरा अजून मुकाच असतो. त्याला आवाज येतो तो घोडीवर जवारी काढल्यावर.

तबलीवर तारा जिच्यावरून जातात ती घोडी. इतर अनेक तंतुवाद्यांची घोडी धारदार असते, तार तिला एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उताराचा असतो. तार कंप पावते तेव्हा ती या उतारावर सरपटत टेकते आणि सुटते. कानसेने हा उतार काढणं म्हणजे जवारी. एक-दोन हात जास्त पडले तर तार खरखरते, कमी पडले तर आवाज बंद राहतो. उतार साधला की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे करता करता एक जागा अशी येते की तार अचानक उघडते आणि तिच्यातून सुरांचा झोत बाहेर पडू लागतो.

हे नेमकं काय होतं, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला होता. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, 1921 च्या सुमारास, कोलकात्यात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास केला. भौतिकशास्त्राचा जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते ऐकू येणार नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात, आणि जोरकस उमटतात. घोडीच्या वक्र माथ्यामुळे तारेची ऊर्जा वरच्या उपस्वरांत सतत वाटली जाते, म्हणून हा नियम इथे लागू पडत नाही. आपल्या कारागिरांनी आणि गवयांनी कानाने साधलेली गोष्ट विज्ञानाला नवी वाटावी अशी होती, हे रामन यांनी जगापुढे मांडलं.

याचा गाण्याशी संबंध असा. तंबोऱ्याला साधारण चार तारा. पहिली पंचमाची, रागात पंचम नसेल तर ती मध्यमावर किंवा निषादावर लावतात, आणि किराण्याच्या गायकांना निषाद विशेष प्रिय. मधल्या दोन जोडाच्या, षड्जात. शेवटची पितळी, खर्जाची. या तारांत गांधार कुणीही लावलेला नसतो. पण जवारी चांगली असेल आणि जोड, खर्ज तंतोतंत जुळले असतील, तर खर्जाच्या तारेतून गांधार आपसूक बोलू लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत तंबोरा जुळला असं म्हणायचं नाही, ही किराण्याची शिस्त.

हा गांधार बाजाच्या पेटीतल्या गांधारापेक्षा वेगळा आहे. षड्ज 240 कंपनांचा धरला तर सप्तकाचा फरक बाजूला ठेवून स्वयंभू गांधार येतो 300 कंपनांवर. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीत तोच गांधार 302 च्याही थोडा वर जातो. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला दोन-अडीच लहरी कानाला टोचतात. अब्दुल करीम खाँच्या गाण्यात आपल्याला जो गोडवा जाणवतो, आवाज तलम, किंचित अनुनासिक, आणि स्वर मात्र दिव्याच्या ज्योतीसारखा निश्चल, त्या गोडव्यामागे हा दोन-अडीच कंपनांचा हिशेब आहे. तो हिशेब त्यांनी कागदावर केला नाही. रोज पहाटे तंबोऱ्यापुढे बसून केला.

कागदावरचा हिशेब केला तो दुसऱ्या कुणी, आणि इथे सातारा आणि सांगली ही दोन्ही गावं गोष्टीत येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. प्राचीन ग्रंथांतल्या बावीस श्रुती आजच्या गवयाच्या गळ्यात खरोखर आहेत का, हे मोजून पाहायचं त्यांनी मनावर घेतलं. तारेची लांबी मोजून स्वराचं स्थान ठरवायचं, ही त्यांची रीत. ज्याचा स्वर मोजावा असा गळा त्यांना अब्दुल करीम खाँमध्ये मिळाला. 1910 मध्ये देवलांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स या कामात त्यांच्याबरोबर आले. 1913 मध्ये क्लेमेंट्स यांनी भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारं आपलं पुस्तक काढलं. या दोघांच्या पुढाकाराने 1911 च्या सुमारास फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था उभी राहिली, ती इथे, साताऱ्यात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या गावात एक निवृत्त मुलकी अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि किराण्याचा एक मुसलमान गवई असे तिघे मिळून स्वर म्हणजे काय याचा शोध घेत होते, ही गोष्ट सातारकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

त्या शोधातून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार झाली आणि 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. विष्णु नारायण भातखंडे आणि इतर जाणकारांना ती पटली नाही. त्या वादात कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवायला मी उभा नाही. माझ्या मते दोन्ही पक्षांच्या श्रमांचं मोल मोठं आहे. पण त्या वादाने एक गोष्ट स्पष्ट केली. पेटीच्या पट्टीवर स्वर कायमचा बसवता येतो, मग ती बारा स्वरांची असो की बावीस. गाणाऱ्याचा स्वर मात्र रागागणिक, आधीच्या आणि पुढच्या स्वराच्या संगतीने आपली जागा घेतो. तंबोरा त्याला जागा नेमून देत नाही. तो षड्ज आणि त्यातून उमलणारे उपस्वर समोर ठेवतो आणि उरलेली जागा गाणाऱ्याने शोधायची असते. म्हणून खाँसाहेबांना मोजणाऱ्या यंत्राचं कुतूहल होतं, आणि रियाजाला मात्र तंबोरा.

त्यांच्या परंपरेत सांगतात की खाँसाहेबांना वाद्यांच्या दुरुस्तीचं अंग होतं, जवारी ते स्वतः काढत, आणि मिरजेच्या कारागिरांबरोबर बसून तंबोऱ्याच्या आवाजावर चर्चा करत. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी या शिष्याने मराठीत लिहिलेलं त्यांचं विस्तृत चरित्र ज्यांनी वाचलं आहे, त्यांना खाँसाहेबांचा हा चौकस स्वभाव परिचित आहे. मला या नात्याचं महत्त्व फार वाटतं. गवई सांगतो की मला या तारेत अमुक हवं आहे. कारागीर कानस उचलतो, चार हात मारतो, विचारतो, आता? अशा शेकडो ‘आता?’मधून मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज घडला. तो कुणा एकाचा नाही. गाणाऱ्याचा कान आणि घडवणाऱ्याचा हात यांची ती सामाईक निर्मिती आहे.

शिष्य मागे तंबोऱ्यावर बसतो, याचाही अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. मैफलीत तंबोरा धरणं हीच तालीम असे. तीन-चार तास लय न मोडता, हात न बदलता तारा छेडायच्या, आणि गुरूचा प्रत्येक स्वर त्या तारांशी कसा मिळतो ते ऐकायचं. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ याच शिस्तीतून तयार झाले. त्यांच्यापुढे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी बसले. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लहानपणी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून घर सोडलं, ही हकीकत भीमसेनांनी स्वतः सांगितलेली आहे. दुसरीकडे सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडून ती विद्या प्रभा अत्रे यांच्याकडे गेली. आपापल्या गळ्याप्रमाणे हे सगळे वेगवेगळे गायले. भीमसेनांचा दमदार आवाज आणि हिराबाईंचा मृदू आवाज एका घराण्याचे आहेत हे नुसत्या आवाजावरून कळणार नाही. ते कळतं षड्ज लावण्याच्या रीतीवरून.

खाँसाहेबांच्या मनाचा मोकळेपणाही या वारशाचा भाग आहे. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध आला तेव्हा त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं, तिथली सरगमाची रीत आपल्या ख्यालात आणली, त्यागराजांची रचना गाऊन तिची ध्वनिमुद्रिकाही केली. झिंझोटीतली त्यांची ठुमरी इतकी पसरली की कुंदनलाल सैगल यांनी ती 1935 च्या देवदासमध्ये गायली. 1937 च्या ऑक्टोबरात ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत रेल्वेत त्यांच्या छातीत कळ आली आणि सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. शिष्यांनी तंबोरा जुळवला, खाँसाहेबांनी नमाज पढून दरबारीत आळवणी केली आणि तिथेच देह ठेवला, असं सांगतात. तारीख 27 ऑक्टोबर. तमिळ मुलखातून त्यांचा देह मिरजेला आणला गेला आणि ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला.

या दर्ग्यात खाँसाहेब उरुसाला गाण्याची सेवा करत. ती सेवा त्यांच्यामागे त्यांच्या स्मृतीच्या संगीतसभेच्या रूपाने चालू राहिली. चिंचेच्या झाडाखाली, मोकळ्या अंगणात, तिकिटाशिवाय, देशातले मोठमोठे कलावंत येऊन गातात आणि रात्रभर माणसं बसून ऐकतात. उरुसात कबरीवर चढवायचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. वाद्य घडवणारे मुसलमान कारागीर, भोपळा पिकवणारा भीमाकाठचा शेतकरी, गलेफ आणणारा चर्मकार, गाणारा ब्राह्मण नाहीतर लिंगायत, आणि मध्यभागी कैरानाहून आलेल्या एका गवयाची कबर. हे सहजीवन कुणी ठराव करून घडवलेलं नाही. ते गाण्याच्या गरजेतून घडलं, आणि म्हणून मला ते अधिक खात्रीचं वाटतं.

आता थोडं दूर जाऊ या. खाँसाहेब आपल्या अखेरच्या ध्वनिमुद्रिका करत होते त्याच सुमारास, 1935 मध्ये, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा जॅझचा वाद्यवृंद आला. त्या लाटेतून आपल्याकडे गोव्याच्या अल्दोना गावचा चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक पुढे आला. त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. एकाच काळात ही दोन संगीतं एकमेकांपासून किती दूर होती! पण वीस-पंचवीस वर्षांत ती जवळ आली, आणि त्यांना जवळ आणलं ते अखंड धरलेल्या आधारस्वराने.

जॉन कोल्ट्रेन हा जॅझचा युगप्रवर्तक सॅक्सोफोनवादक. रागसंगीताच्या ध्वनिमुद्रिका तो बारकाईने ऐकत असे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्याने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. तिच्यात भराभर बदलणारे स्वरसंघ बाजूला ठेवून दोन डबल बास वाद्यांचा आधार घेतला आणि त्या एका पायावर सॅक्सोफोन मोकळा सोडला. रविशंकरांवरून त्याने आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. कोल्ट्रेन 1967 मध्ये गेला. त्याच्या पत्नीने, ॲलिस कोल्ट्रेन यांनी, 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्वामी सच्चिदानंद यांच्या नावाच्या ध्वनिमुद्रिकेत तर प्रत्यक्ष तंबोराच वाजतो आहे. किराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेत गेले. ते अब्दुल करीम खाँचे आप्त आणि हिराबाईंचेही गुरू असलेल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य. त्यांच्यापुढे ला माँट यंग, टेरी रायली आणि जॅझचा मोठा ट्रम्पेटवादक डॉन चेरी हे तंबोरा घेऊन बसले. ला माँट यंग हाही मुळात जॅझचा सॅक्सोफोनवादक. कैरानाचा षड्ज असा न्यूयॉर्कला पोचला.

2014 मध्ये रवी कोल्ट्रेन याने वडिलांचा एक सेल्मर सॅक्सोफोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. अमेरिकेने तो राष्ट्राचा ठेवा म्हणून स्वीकारला, आणि ते योग्यच झालं. आपल्याकडेही असे ठेवे जपणारी संग्रहालयं हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तंबोऱ्याची गोष्ट आणखी पुढची आहे. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात आणि जवारी बसते. कुणा थोर गवयाचा तंबोरा आपण काचेच्या पेटीत ठेवला, तरी त्याचा आवाज आपण जपलेला नसतो. तो आवाज त्या दिवशीच्या जवारीत, धाग्याच्या जागेत आणि जुळवणाऱ्याच्या कानात होता. वाद्य जपायचं तर जवारी काढणारा हात जपायला हवा, आणि तो आवाज ओळखणारा कानही.

हे दोन्ही आज अडचणीत आहेत. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि आता तर मोबाइलमधल्या ॲपमध्ये तंबोरा मिळतो. ज्याच्याजवळ तंबोरा घ्यायला पैसे नाहीत, ठेवायला जागा नाही, अशा हजारो विद्यार्थ्यांना या साधनाने आधारस्वर दिला. त्याचे उपकार मी मानतो. पण त्यामुळे एक पिढी तंबोरा स्वतः न जुळवता गाऊ लागली आहे. जुळवण्यात जे शिकायला मिळतं ते बटण दाबून मिळत नाही. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, धागा हलवताना कान सूक्ष्म होत जातो. पहिले काही महिने विद्यार्थ्याला स्वयंभू गांधार ऐकूच येत नाही. मग एके दिवशी येतो, आणि त्या दिवसापासून त्याचं गाणं बदलतं. हा दिवस आपल्या मुलांच्या वाट्याला यायला हवा.

कारागिराची बाजूही पाहू. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे दुसरीकडे बनलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकणाऱ्यांना आळा घालता येईल, आणि हे मोठं यश आहे. मात्र मानांकन नावाचं रक्षण करतं, विद्येचं नाही. जवारी शिकायला काही वर्षं लागतात, त्या काळात हातात फारसं काही पडत नाही, आणि कारागिरांच्या घरची मुलं दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळतात. त्यांना दोष कसा देणार?

म्हणून तीन गोष्टी आग्रहाने मांडतो. पहिली, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय आपल्याच मिरजेत आहे. गायनाच्या वरच्या परीक्षांत विद्यार्थ्याने परीक्षकासमोर तंबोरा स्वतः जुळवून दाखवावा आणि त्याला भरघोस गुण असावेत. दुसरी, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक मोठ्या शाळेने आणि महाविद्यालयाने मिरजेचा एक तंबोरा घ्यावा आणि वर्षातून दोनदा कारागिराला मानधन देऊन जवारीसाठी बोलवावं. मुलांनी ते काम पाहावं, प्रश्न विचारावेत. कारागिराला त्यातून नियमित उत्पन्न मिळेल, मानही मिळेल. तिसरी, वयोवृद्ध कारागिरांचं ज्ञान, त्यांची हत्यारं, मापं, भोपळ्याची पारख, त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या आवाजात नोंदवून ठेवावं. आपल्या विद्यापीठांच्या संगीत आणि भौतिकशास्त्र विभागांनी मिळून हे करावं. रामन यांनी दाखवलेल्या वाटेवर अजून पुष्कळ चालायचं आहे, आणि ती वाट मिरजेवरून जाते.

यातलं काहीही अवाढव्य खर्चाचं नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकजण शाळांच्या, संस्थांच्या कारभारात आहेत. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी खाँसाहेबांच्या स्वराचं मोजमाप करणारी संस्था स्थापन झाली, त्या गावातून ही सुरुवात व्हावी, एवढी माझी विनंती आहे. येत्या शैक्षणिक वर्षात साताऱ्यातल्या एका शाळेत मिरजेचा एक तंबोरा यावा, एक कारागीर यावा, आणि दहा मुलांना तो जुळवता यावा. ती दहा मुलं पुढे गवई होतील की नाही, ते आज सांगता येणार नाही. पण खरा स्वर कोणता आणि जवळपासचा कोणता, हे त्यांना आयुष्यभर ओळखता येईल. अब्दुल करीम खाँ यांनी महाराष्ट्राला जे दिलं ते हेच आहे, आणि ते पुढे देणं आता आपल्या हातात आहे.